हलगी, वजडी आणि हायवे ६१

बुधवार, मेम्फिस (अमेरिका)

विमानतळावर भाचा न्यायला आला होता. "मावशी, आज झोप, उद्यापासून हिंडायचं," म्हणाला. पण संध्याकाळी त्याच्या मित्राकडे जेवण ठरलेलं होतं. शहराच्या पूर्वेला मोठमोठ्या घरांची नवी वस्ती आहे, तिथे पाच-सहा मराठी कुटुंबं जमली होती. भरली वांगी, मसालेभात, कोशिंबीर. माणसं प्रेमळ. दिवाळीच्या फराळातलं कोणी काय करायचं, याची वाटणी चालली होती.

"मग काय काय बघणार, मावशी?" एकाने विचारलं. मी सांगितलं: स्टॅक्स ही जुनी रेकॉर्ड कंपनी, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली ते लोरेन मोटेल, मग खाली मिसिसिपीत क्लार्क्सडेल आणि तिथून न्यू ऑर्लिन्स. बोलणं एकदम थांबलं. "स्टॅक्स म्हणजे साउथ मेम्फिस. सगळा काळ्यांचा एरिया. गाडीच्या काचा वर ठेवा आणि अंधार पडायच्या आत परत या." दुसऱ्याने 'कल्लू' असा शब्द वापरून एक किस्सा सांगितला. कोणी हसलं, कोणी नाही हसलं. मी हातातला घास तसाच धरून गप्प बसले.

रात्री झोप लागली नाही. माण तालुक्यातल्या आमच्या गावात आजोबांना नावाने हाक मारणारी घरं बोटावर मोजण्याइतकी होती. बाकी सगळे जातीने हाक मारायचे. आजोबा हलगी वाजवायचे. लग्नात मांडवाबाहेर उभं राहून वाजवायची, आणि पंगती उठल्या की मांडवाबाहेरच बसून जेवायचं. वडील शिकले, शिक्षक झाले. पहिला पगार झाला त्या महिन्यात त्यांनी हलगी उचलली आणि चुलत्यांच्या माळ्यावर नेऊन टाकली. "आपल्या घरात हे पुन्हा वाजायचं नाही," म्हणाले. मी त्या घरात वाढले. एका शब्दाने माणूस केवढा लहान करता येतो, हे मला कोणी शिकवायला नको. तरीही मी गप्प बसले होते.

गुरुवार, साउथ मेम्फिस

भाच्याच्या ऑफिसातल्या एक बाई सोमवारपर्यंत आमच्यासोबत असणार होत्या. वयाने माझ्याएवढ्या, पंचावन्नच्या आसपास. आजी मिसिसिपीत दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायची. आई लहानपणी मेम्फिसला आली. यांचा जन्म आणि सगळं आयुष्य याच शहरात गेलं. मी त्यांना ताई म्हणू लागले. अर्थ सांगितला तेव्हा त्यांना तो आवडला. त्या मला 'प्रोफेसर' म्हणायच्या, आणि अधूनमधून 'बेबी'. इथे बेबी कोणालाही म्हणतात, आपल्याकडे म्हातारी बाई अनोळखी माणसाला 'बाळा' म्हणते तसं.

मी त्यांना सरळच विचारलं, तुमच्या लोकांसाठी कोणता शब्द वापरू? आमची वर्तमानपत्रं 'कृष्णवर्णीय' लिहितात, घरात 'काळे' म्हणतात, आणि लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' मागतात. त्या म्हणाल्या, "ब्लॅक. आणि बी मोठा." देवनागरीत अक्षर मोठं करायची सोय नाही. हा शब्द लिहिताना मी मनातल्या मनात तो मोठा करते.

स्टॅक्स हे मुळात एक जुनं चित्रपटगृह. जिम स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन या गोऱ्या भावंडांनी ते घेतलं आणि तिथे गाणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरं जोडून स्टॅक्स. थिएटरची जमीन पडद्याकडे उतरती होती, ती तशीच ठेवली आणि त्या उतारामुळे इथल्या गाण्यांना वेगळा नाद आला. थिएटरातल्या खाऊच्या दुकानाच्या जागी एस्टेलबाईंचं रेकॉर्डचं दुकान होतं. गल्लीतली पोरं तिथे रेंगाळायची, आणि त्यातलीच काही आत जाऊन वाजवू लागली. इथल्या घरच्या वाद्यवृंदात, म्हणजे बुकर टी. अँड द एमजीज मध्ये, दोघे ब्लॅक आणि दोघे गोरे. ज्या शहरात हे चौघे एका हॉटेलात शेजारी बसून जेवू शकत नव्हते, त्या शहरात ते रोज एका खोलीत बसून एक ताल धरत होते.

या यशाला दृष्ट लागावी तसं झालं. १० डिसेंबर १९६७ ला स्टॅक्सचे गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेले, सव्वीस वर्षांचे होते. चार महिन्यांनी डॉ. किंग यांना याच शहरात गोळी घातली. १९७५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, १९८९ मध्ये इमारतही पाडली. आज आहे ती त्याच जागेवर पुन्हा उभी केलेली वास्तू, २००३ ची. संग्रहालयात शिरल्यावर प्रथम लागतं ते मिसिसिपीतून आणून पुन्हा जोडलेलं शंभर वर्षांपूर्वीचं लाकडी चर्च. गाणं कुठून आलं ते आधी दाखवायचं, मग चकचकीत गाड्या आणि पोशाख. शेजारी मुलांसाठी संगीताची शाळा आहे. आम्ही बाहेर पडलो तेव्हा दोन मुली ट्रम्पेटच्या पेट्या सांभाळत चालल्या होत्या. काचा वर ठेवायच्या म्हणे या गल्लीत.

जवळच 'द फोर वे' नावाची खाणावळ आहे, १९४६ पासूनची. डॉ. किंग इथे जेवायचे. आम्ही मक्याच्या पिठात घोळून तळलेला मासा घेतला, पाकातली रताळी, कॉर्नब्रेड आणि हिरवी पालेभाजी. ती भाजी तासन् तास शिजवतात आणि तिचं पाणी टाकत नाहीत. त्या कढणात कॉर्नब्रेड कुस्करून खायचा. आमच्याकडे भाकरी कालवणात कुस्करतात तसा मी तो कुस्करला, तशी ताई हसल्या. "तुला कोणी शिकवायला नको."

मग बोलणं चिटलिन्सवर आलं, म्हणजे डुकराच्या आतड्यांवर. हिवाळ्यात डुकरं कापली जायची. मांड्या आणि पाठीचं मांस मालकाच्या घरी, आतडी, पाय आणि डोकं गुलामांच्या वस्तीत. ताईंची आई नाताळात चिटलिन्स करायची. आतडी दहा पाण्यांत धुवायची, चरबी बोटांनी काढायची, आणि शिजताना वास कमी यावा म्हणून भांड्यात कांदा टाकायची. घरभर वास राहायचा. "शाळेत मी कधी कोणाला सांगितलं नाही, काल घरी काय झालं होतं ते."

मी त्यांना वजडीबद्दल, म्हणजे जनावराच्या पोट-आतड्यांबद्दल सांगितलं. चुना लावून, गरम पाण्यात बुडवून, सुरीने खरवडून आजी ती कशी पांढरीशुभ्र करायची ते. रक्ताची रक्ती, वाळवलेल्या मांसाच्या चान्या, तेही सांगितलं. आणि कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडताना आजही माझा हात कसा क्षणभर थांबतो, हे मी भाच्यासमोर पहिल्यांदाच बोलले. तो ताटाकडे बघत राहिला.

पण ताईंनी मला एका बाबतीत अडवलं. "आमचं जेवण म्हणजे टाकलेल्यातून केलेलं, असं लिहू नकोस. ते एक आतड्यांचं खरं. पण भेंडी, चवळी, तांदूळ पिकवायचं ज्ञान, हे आम्ही येताना डोक्यात घेऊन आलो. कॅरोलिनातली भाताची खाचरं पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या अकलेवर उभी राहिली. मालकाला भातातलं काय कळत होतं?"

हे ऐकून मला माझं ताट आठवलं. ज्वारी, बाजरी, नाचणी. तिन्ही धान्यं मूळची आफ्रिकेची, हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आलेली. चवळीसुद्धा तिकडचीच. माणदेशात दुष्काळ पडला की ज्या भाकरीने आम्हांला जगवलं, तिचं बी त्या खंडातलं आहे. मी हे सांगितलं तेव्हा ताईंनी वेटरबाईंना हाक मारली आणि त्यांनाही ऐकवलं.

संध्याकाळी कालच्या यजमानांचा फोन आला, सुखरूप आलात ना म्हणून. मी भाच्याकडून फोन घेतला आणि म्हटलं, काल तुमच्याकडे जो शब्द वापरला गेला तो मला लागला. कालच बोलायला हवं होतं, ते चुकलं. ते म्हणाले, "अहो मावशी, आमच्या कोणाच्या मनात तसं काही नसतं." मी म्हटलं, मन मला दिसत नाही, शब्द ऐकू येतो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "तिथे जेवण कसं असतं?" मी सगळं सांगितलं, कढणासकट.

शुक्रवार, लोरेन मोटेल ते क्लार्क्सडेल

लोरेन मोटेल फोटोत पाहिलं होतं, पण ते इतकं साधं, दुमजली, आकाशी दारांचं असेल असं वाटलं नव्हतं. ३०६ नंबरच्या खोलीबाहेर कठड्यावर फुलांचं चक्र. खाली त्या काळच्या दोन गाड्या उभ्या. ४ एप्रिल १९६८ ला संध्याकाळी डॉ. किंग जेवायला निघाले होते. खाली बेन ब्रँच नावाचे सॅक्सोफोनवादक उभे होते. रात्रीच्या सभेत 'प्रेशस लॉर्ड' वाजव, छान वाजव, असं ते त्यांना कठड्यावरून वाकून सांगत होते. तेवढ्यात गोळी लागली. शेवटचं बोलणं एका गाण्याच्या फर्माइशीचं.

या मोटेलचे मालक ब्लॅक होते, आणि जेव्हा बाकी हॉटेलांची दारं बंद होती तेव्हा गायक, वादक, खेळाडू इथेच उतरत. स्टॅक्सवाल्यांना एकत्र बसायला हीच जागा. एका वादळी रात्री याच मोटेलात स्टीव्ह क्रॉपर आणि एडी फ्लॉइड यांनी 'नॉक ऑन वुड' लिहिलं. एक गोरा, एक ब्लॅक. मालकीणबाई लोरी बेली यांना गोळीबाराच्या दिवशी मेंदूतल्या रक्तस्रावाचा झटका आला आणि किंग यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, ९ एप्रिलला, त्या गेल्या. त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं.

किंग मेम्फिसला का आले होते, ते मी इथे आल्यावर नीट समजून घेतलं. १ फेब्रुवारी १९६८ ला पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कचरा कामगार आडोशाला गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबणारं यंत्र आपोआप सुरू झालं आणि दोघे त्यात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे तेराशे कामगारांनी संप केला. गळ्यात पाट्या अडकवल्या: 'आय ॲम अ मॅन'. संग्रहालयात तशी एक कचरागाडी आहे. तिच्यासमोर मी उभी राहिले आणि मुंबईतल्या, पुण्यातल्या गटारात उतरणाऱ्या माणसांचे चेहरे डोळ्यांसमोर येत राहिले. हाताने मैला काढण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तरी दर काही महिन्यांनी बातमी येते, टाकीत गुदमरून इतके मेले. मेलेल्यांची आडनावं वाचली की जात कळते. माझ्या शेजारी शाळेची सहल उभी होती. एका मुलाने बाईंना विचारलं, माणूस आहे हे पाटीवर का लिहायला लागलं? बाईंनी घाई न करता उत्तर दिलं. मी ते पूर्ण ऐकलं नाही, डोळे पुसत होते.

संपाचे मोर्चे जिथून निघायचे ते क्लेबॉर्न टेंपल चर्च जवळच आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते आगीत जळालं. शेजारच्या चौकात संपकऱ्यांची नावं कोरली आहेत. ताईंनी एका नावावर बोट ठेवलं. त्यांच्या चर्चमधले एक काका.

दुपारी हायवे ६१ ने दक्षिणेला निघालो. मेम्फिस सोडल्यावर जमीन तळहातासारखी सपाट होते. काळी, कसदार माती, आणि ऑक्टोबर असल्याने दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. विदर्भातला कापूस मी पाहिला आहे, बाया ओटी बांधून वेचताना. इथे माणूस नाही. एक अजस्र यंत्र ओळीच्या ओळी गिळत जातं आणि मागे पिवळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले गठ्ठे टाकतं. कापूस पूर्णपणे यंत्राने काढायचा प्रयोग क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यात झाला, १९४४ मध्ये. त्याआधी गुलाम, आणि गुलामी संपल्यावर कर्जात बांधलेले वाटेकरी, हेच सगळं हाताने करत होते. १८६१ ते १८६५ या अमेरिकेच्या यादवीत इथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. शाळेत आम्हांला मुंबईची भरभराट शिकवली. या शेतांबद्दल कोणी बोललं नाही.

गाडीत मी ताईंना महात्मा फुल्यांबद्दल सांगितलं. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी गुलामी मोडून काढली त्यांना, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेने. ताईंनी गाडीचा वेग कमी केला. "१८७३?" त्या वर्षी मिसिसिपीत ब्लॅक पुरुष मतदान करत होते. त्याआधी तीन वर्षं, १८७० मध्ये, याच राज्यातून हायरम रेव्हल्स हे पहिले ब्लॅक सिनेटर वॉशिंग्टनला गेले होते. मग १८९० मध्ये राज्याची घटनाच अशी केली की मतदानाचा हक्क जवळजवळ संपला. फुल्यांनी हात जोडले तो क्षण इथे फार थोडा टिकला. "पण इतक्या लांब कोणीतरी बघत होतं," ताई म्हणाल्या. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी इथल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून दलित पँथर हे नाव घेतलं, तेही मी सांगितलं. ते ऐकून मागे बसलेला भाचा म्हणाला, "मावशी, हे मला कधी कोणी सांगितलं नाही." चूक आमची. वडिलांनी आम्हांला दुखण्यापासून लपवलं, तसंच मोठेपणापासूनही लपवलं गेलं.

क्लार्क्सडेलला मुक्काम. हे गाव एके काळी कापसाचं, आता बरंचसं रिकामं. जुन्या रेल्वे मालधक्क्यात ब्लूजचं, म्हणजे इथल्या ब्लॅक लोकांच्या गाण्याचं संग्रहालय आहे, त्यात ब्लूज गायक मडी वॉटर्स राहायचे त्या खोपटाचे लाकडी वासे आहेत. १९४३ मध्ये ते इथून शिकागोला गेले. त्या काही दशकांत साठ लाखांच्या आसपास ब्लॅक माणसं दक्षिण सोडून उत्तरेला गेली, गाणी सोबत घेऊन. नदीच्या काठी रिव्हरसाइड हॉटेल आहे, पूर्वी ते ब्लॅक लोकांचं इस्पितळ होतं. ब्लूज गायिका बेसी स्मिथ १९३७ मध्ये याच रस्त्यावरच्या अपघातानंतर तिथे वारल्या.

रात्री गावातल्या एका जूक जॉइंटमध्ये, म्हणजे गाण्या-पिण्याच्या अड्ड्यात गेलो. पत्र्याचं छप्पर, लाल दिवे, वीस-पंचवीस खुर्च्या. सत्तरीचे एक आजोबा गिटार घेऊन बसले होते, करंगळीत काचेची नळी घालून ती तारांवरून घसरवत. एक ओळ गायचे, तीच पुन्हा, मग तिसऱ्या ओळीत त्याचं उत्तर. बसलेले लोक मधेच ओरडून दाद द्यायचे आणि ती दाद गाण्याचाच भाग व्हायची. शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात आणि 'जी जी रं जी जी' म्हणत ओळ उचलून धरतात, त्यांच्याशिवाय पोवाडा उभा राहत नाही. इथे सगळी खोलीच झीलकरी होती.

ताई दाराजवळ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी घरात ब्लूज कधी लावू दिला नाही. सैतानाचं संगीत म्हणायचे. रविवारी चर्चचं गॉस्पेल, बस्स. त्यांचे स्वतःचे वडील असल्या खोल्यांत वाजवायचे, हे मला ते गेल्यावर कळलं." मी त्यांना माळ्यावरच्या हलगीबद्दल सांगितलं. त्यानंतर आम्ही दोघी बोललो नाही, मध्यरात्रीपर्यंत ऐकत बसलो. परत येताना एका टपरीवर टमाली घेतल्या: मक्याच्या पानात गुंडाळलेलं, आत मसालेदार मांस घातलेलं मक्याचं पीठ. पान सोडून खाताना कोकणातली पानगी आठवली.

शनिवार, समनर

या दिवसाबद्दल मला थोडंच लिहिता येईल.

समनर हे लहानसं गाव, मधोमध विटांचं न्यायालय. २८ ऑगस्ट १९५५ च्या पहाटे एमेट टिल या शिकागोहून सुट्टीत आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला नातेवाइकांच्या घरातून उचलून नेलं आणि मारून नदीत टाकलं. कारण काय, तर दुकानातल्या गोऱ्या बाईला बघून त्याने शीळ घातली म्हणे. या न्यायालयात खटला चालला. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभरात दोघांना निर्दोष सोडलं. पुढच्या जानेवारीत त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला आपण मारल्याचं सांगितलं. एमेटच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवली होती. काय केलं ते सगळ्यांनी बघावं म्हणून. मुलाचा देह सापडला त्या नदीकाठी लावलेल्या पाटीवर लोक गोळ्या झाडत राहिले. शेवटी २०१९ मध्ये गोळी न शिरणारी पाटी बसवावी लागली.

ताई गाडीतून उतरल्या नाहीत. त्यांची आई एमेटच्याच वयाची, त्या वर्षी चौदा वर्षांची, इथून थोड्याच मैलांवर राहत होती. त्याच हिवाळ्यात आजीने बोचकं बांधलं आणि मुलीला घेऊन मेम्फिस गाठलं.

मी न्यायालयासमोरच्या बाकावर बसले. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला २०१४ च्या एप्रिलमध्ये सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारून झाडाला लटकवलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलला, एवढंच निमित्त. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी सुटले. समनरच्या न्यायालयाबाहेर २००७ मध्ये जिल्ह्याच्या लोकांनी, गोऱ्या आणि ब्लॅक दोघांनी मिळून, टिल कुटुंबाची जाहीर माफी मागितली. बावन्न वर्षं लागली, पण मागितली. आपल्याकडे कोणत्या गावाने मागितली आहे?

मग न्यू ऑर्लिन्सपर्यंत पाच तास. भाच्याने गाडी चालवली.

रविवार, न्यू ऑर्लिन्स

दुपारी ट्रेमे भागात एका चौकात उभं राहिलो. आधी लांबून ट्यूबाचा घुमणारा आवाज आला, मग रस्ता भरून माणसं. पुढे एका मंडळाचे सभासद: एकसारखे पिवळे सूट, पिसांचे पंखे, खांद्यावरून आडवे पट्टे. त्यांच्यामागे ब्रास बँड. आणि त्यामागे, बाजूने, फुटपाथवर, घरांच्या पायऱ्यांवर, गाड्यांच्या टपांवर नाचणारे शेकडो लोक. मंडळ आणि बँड ही पहिली ओळ, मागून येणारे सगळे दुसरी ओळ, म्हणून याला सेकंड लाइन म्हणतात. हंगामात जवळजवळ दर रविवारी निघते. पाहायला उभं राहायची ही गोष्टच नव्हे. ताईंनी माझा हात धरला आणि रस्त्यात ओढलं.

ही मंडळं मुळात मदतीसाठी निघाली. ब्लॅक माणसाला विमा मिळत नसे, दवाखान्याचा खर्च झेपत नसे, तेव्हा प्रत्येकाने थोडे पैसे घालायचे आणि कोणी गेलं तर मंडळाने मूठमाती द्यायची, बँडसकट. स्मशानात जाताना संथ, रडवणारं वाजवायचं. देह मातीत गेला की परतताना तोच बँड नाचायला लावतो. आपल्याकडेही लग्नाच्या बँडपथकात बहुतेक कोण असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. वरातीत ते घामाघूम होऊन वाजवतात आणि नाचणारे दुसरेच असतात. इथे वाजवणारे आणि नाचणारे एकाच गल्लीतले, वाद्य त्यांचं, रस्ताही त्यांचा. हा फरक मला पायांत कळला.

वाटेत टेम्पोसारख्या गाड्यांवर सॉसेज भाजत होते. यकामीन नावाचं एक कालवण मिळालं: शेवया, बीफ, वर उकडलेल्या अंड्याचा अर्धा भाग आणि कांद्याची पात. तीन तास चाललो. पाय सुजले, पण मधून निघावंसं वाटलं नाही.

सोमवार, न्यू ऑर्लिन्स

सोमवारी या शहरात राजमा आणि भात. पूर्वी सोमवार धुण्याचा दिवस. रविवारच्या जेवणातलं हाड घालून हा लाल घेवडा सकाळी चुलीवर चढवायचा आणि धुणं आटपेपर्यंत तो आपला आपण शिजत राहायचा. जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग आपल्या पत्रांच्या शेवटी 'राजमा-भाताने तुमचा' अशा अर्थाची सही करायचे. आम्ही गंबोही घेतला. गंबो हा शब्दच बांटू भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आला आहे. भेंडी चिकट होते म्हणून आपण ती कोरडी परततो, हे तो चिकटपणाच हवा म्हणून घालतात.

मग काँगो स्क्वेअर. आज ती आर्मस्ट्राँग पार्कमधली फरसबंद मोकळी जागा आहे, मोठ्या ओक वृक्षांची सावली असलेली. रविवारी गुलामांना इथे जमू देत. १८१७ च्या वटहुकुमाने तर हीच एक जागा ठरवून दिली. ते इथे भाजीपाला विकत, आणि ढोल वाजवून नाचत. हे इतर ठिकाणी सहजी शक्य नव्हतं. साउथ कॅरोलिनात १७३९ च्या उठावात ढोल वाजला होता, म्हणून पुढच्या वर्षी कायद्याने ढोलच बंद केले. मग लोकांनी टाळ्या, पाय, मांड्या यांचाच ढोल केला.

सोमवार असल्यामुळे तिथे कोणी नव्हतं. मी दगडावर बसून विचार करत राहिले. यांच्याकडून ढोल हिसकावून घेतला, म्हणून तो जपणं हेच बंड झालं. आमच्या आजोबांच्या गळ्यात हलगी बांधली, म्हणून ती टाकून देणं हे बंड झालं. वडील बरोबर होते. त्यांनी ती टाकली नसती तर मीही मांडवाबाहेरच राहिले असते. हे मला आज जितकं स्पष्ट दिसलं तितकं कधी दिसलं नव्हतं, आणि त्याच वेळी मला ती हलगी हवी होती. काल रस्त्यात माझ्या पायांनी जो ताल धरला तो इथला नव्हता. सहा-सात वर्षांची असताना चुलत्यांच्या अंगणात एकदा आजोबांनी ती जाळावर शेकून, वडिलांना न सांगता, फक्त नातवंडांसाठी वाजवली होती. तो होता.

विमानतळावर ताईंनी मला मिठी मारली. माझ्या पिशवीत त्यांनी मक्याच्या पिठाची थैली घातली होती. मी त्यांना ज्वारीची भाकरी थापायला शिकवीन असं कबूल केलं आहे, त्या माण तालुक्यात येतील तेव्हा.

विमान सुटायला वेळ होता. इथे संध्याकाळचे सात, म्हणजे गावाकडे पहाटेचे साडेपाच. चुलते उठलेले असणार. फोन लावला.

"तात्या, माळ्यावरची हलगी आहे का अजून?"

"आहे की. कडं आहे. कातडं उंदरांनी खाल्लं."

"टाकू नका."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मागे कोंबडा आरवला. "तुझ्या बापाने ती का ठेवून दिली, ठाऊक आहे ना पोरी?"

"ठाऊक आहे, तात्या."

"मग ठीक. लोखंडी कडं आहे, मजबूत. दिवाळीनंतर ये. म्हसवडला एक जण अजून मढवून देतो."